जुन्या फोर-बाय-फोरचा रेडिएटर बदलताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नवा रेडिएटर बसवला, तरी चढावर तापमानाचा काटा वर सरकतोच, अशी तक्रार जुन्या फोर-बाय-फोरच्या मालकांकडून वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा नव्या रेडिएटरमध्ये खोट नसते. एकतर मूळ दोष दुसरीकडेच असतो, किंवा इंजिनातला गाळ तसाच ठेवून पुढे नवी जाळी (रेडिएटरचा नळ्या-पट्ट्यांचा गाभा) बसवलेली असते, नाहीतर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) घाईने ओतल्यामुळे आत हवा अडकलेली असते. बोल्ट काढून बोल्ट लावणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरा वेळ लागतो तो आधीच्या तपासणीला, मधल्या धुलाईला आणि शेवटच्या भरणीला. या तिन्हींना लोक सर्रास फाटा देतात.

हा लेख इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे, मग रेडिएटर तांबे-पितळेचा असो वा प्लॅस्टिक टाक्यांचा अॅल्युमिनियमचा. तपासणी आणि सामानाची जुळवाजुळव आधी उरका, आणि प्रत्यक्ष कामासाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा.

## १. दोष रेडिएटरचाच आहे का, हे आधी ठरवा

गाडी कधी तापते, याकडे नीट लक्ष द्या. हळू चालताना, लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) दगडांवरून चढताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा खाली येतो, असे असेल तर आधी हवेच्या प्रवाहाकडे संशय घ्या. रांगत्या वेगात समोरून वारा येत नाही, सगळी मदार पंख्यावर असते. पंख्याचा व्हिस्कस क्लच (घट्ट तेलाच्या जोरावर पंख्याला फिरवणारा भाग) सैल झाला असेल, श्राऊड (पंख्याभोवतीचा आडोसा) तुटला असेल किंवा काढूनच टाकला असेल, तर नवा रेडिएटरही तापणारच. उलट, वेगात किंवा ओझे घेऊन चढताना तापते आणि सावकाश चालवली की बरी असते, तर जाळीच्या नळ्या चोंदल्याची शक्यता जास्त.

मग गाडी थंड असताना एकेक गोष्ट पाहा.

रेडिएटरचे झाकण. रबर कडक झाले असेल, स्प्रिंग मऊ झाली असेल तर बदला. झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे. दर १ पीएसआय (दाबाचे एकक) दाबामागे कूलंटचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंश सेल्सिअसने वाढतो. १३ पीएसआयचे झाकण दाब धरत नसेल, तर जवळपास २० अंशांची राखीव मर्यादा हातची गेली.

थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप). काढून पाण्यात टांगा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास (जुन्या गाड्यांत बहुधा ८२ किंवा ८८ अंश) तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

खालचा होज (रेडिएटरमधून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी). इंजिन तापल्यावर कोणाला तरी रेस द्यायला सांगा. होज आत चेपला जात असेल, तर पंपाला पाणी मिळत नाही. काही होजमध्ये यासाठी आत स्प्रिंग असते आणि ती गंजून गेलेली असू शकते.

हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सील). थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. अशा वेळी रेडिएटर बदलणे म्हणजे पैसे वाया.

हे सगळे ठीक असेल, तर जाळीकडे वळा. पत्र्याच्या बारीक पट्ट्या बोटाने हलकेच दाबून पाहा. त्या भुगा होऊन पडत असतील, तर उष्णता नळ्यांपासून हवेपर्यंत पोचतच नाही. गळती नसली तरी रेडिएटर संपला आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर इंजिन पूर्ण तापवून बंद करा आणि लगेच जाळीवरून फिरवा. पाणी येते त्या बाजूकडून जाते त्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरले पाहिजे. मध्येच थंड पट्टे आढळले, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. टाकीच्या सांध्यांवरचे हिरवे-पांढरे डाग, प्लॅस्टिक टाकीचा तपकिरी ठिसूळपणा, तोंडातून दिसणारा पांढरा थर याही पक्क्या खुणा.

> थांबा: चिखलात चालणाऱ्या गाडीत एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत मातीची भिंत तयार झालेली असते. ती समोरून दिसत नाही. वरून टॉर्च मारून पाहा. कधी कधी ती धुतली की काम संपते.

> इशारा: इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, फडके धरूनही नाही. दाब गेला की कूलंट क्षणात उकळून अंगावर उसळते.

## २. नवा रेडिएटर निवडणे आणि सामान जमवणे

तांबे-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या शाबूत असतील, तर फक्त नवी जाळी घालून घेणे हा उत्तम मार्ग आहे. माझा कल तिकडेच असतो, कारण माउंटिंगची भोके, तोंड आणि श्राऊडचे पॉइंट जसेच्या तसे राहतात. आडवाटेला दगड लागून टाकी उसवली तर तिला डाख देता येतो, हाही फायदा. अॅल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो आणि उष्णता चांगली टाकतो, पण प्लॅस्टिकची टाकी फुटली की वाटेत फारसे काही करता येत नाही.

जाळी जाड म्हणजे थंडावा जास्त, असे गृहीत धरू नका. जास्त रांगांची जाळी पंख्याकडे सरकते, अंतर कमी होते आणि हळू वेगात पंख्याला तिच्यातून हवा ओढणे जड जाते. मूळ जाडीच्या आसपासच राहा.

रेडिएटरबरोबर हे सामान आधीच आणून ठेवा: वरचा, खालचा आणि हीटरचे होज, त्यांच्या क्लिपा, थर्मोस्टॅट आणि त्याचे गॅस्केट, योग्य दाबाचे नवे झाकण, माउंटिंगचे रबर बुश, भरपूर डिस्टिल्ड वॉटर, आणि कूलंट. कूलंट रंगावरून घेऊ नका. रंग ही कंपनीची मर्जी असते, प्रमाण नव्हे. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार सांगितला आहे तोच घ्या. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र आले, तर गंजरोधक गुण मारले जातात आणि काही मिश्रणांचा चक्क चिकट गोळा होतो.

झाकणाचा दाबही पुस्तकात पाहा. ७ पीएसआयसाठी बनवलेल्या जुन्या प्रणालीवर १५ पीएसआयचे झाकण लावले, की हीटरचा कोर (हीटरची छोटी जाळी) नाहीतर एखादा जुना सांधा उसवतो.

## ३. आदल्या संध्याकाळची तयारी

गंजलेल्या बोल्टवर भेदक तेल मारून रात्रभर मुरू द्या. रेडिएटरच्या चौकटीचे, स्किड प्लेटचे (गाडीखालच्या संरक्षक पत्र्याचे) आणि श्राऊडचे बोल्ट विसरू नका. जुन्या गाडीत बरेच नट चौकटीच्या आत वेल्ड केलेले असतात. ते आतल्या आत तुटून फिरायला लागले, तर तासाभराचे काम दिवसावर जाते. सहा कोनी बॉक्स पाना वापरा. बारा कोनी पाना झिजलेल्या डोक्यावरून घसरतो.

इंजिन खोलीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. होजची वळणे, वायरींचा मार्ग, अर्थिंगची पट्टी कुठे बसते, ओव्हरफ्लोची नळी कुठून जाते, हे सगळे फोटोत यायला हवे.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना अडसर लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडीला जोडीचा इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो इग्निशन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून तार काढणे टाळू नका.

## ४. कूलंट काढणे

इंजिन पूर्ण थंड हवे. हीटरचा दांडा पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हीटरचा वॉल्व्ह उघडा राहील. खाली रुंद पसरट भांडे ठेवा, झाकण काढा आणि मग ड्रेन कॉक (रेडिएटरच्या तळाचा पाणी सोडायचा नळ) सोडा. जुना कॉक अडला तर जोर लावू नका, तो हातात तुटून येतो; त्याऐवजी खालच्या होजची क्लिप सैल करा. पाणी एकदम येते, डोळ्यांवर चष्मा हवा.

एवढ्याने फक्त रेडिएटर रिकामा होतो. इंजिन ब्लॉकमधले पाणी तसेच असते. ब्लॉकच्या बाजूला बहुधा ड्रेन प्लग असतो, तोही उघडा. प्लग काढूनही पाणी आले नाही, तर भोक गाळाने बंद आहे. जाड तारेने मोकळे करा. तिथून निघणारी गंजाची पूड पाहिली, की पुढची धुलाई का हवी ते वेगळे सांगावे लागत नाही.

निघालेले कूलंट मोजून लिहून ठेवा. भरताना हा आकडा कामी येतो.

> इशारा: एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोडसर असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. भांडे लगेच झाका, सांडलेले भरपूर पाण्याने धुवा. जुने कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. बंद डब्यात भरून टाकाऊ तेल-रसायने स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या.

## ५. जुना रेडिएटर बाहेर काढणे

१. स्किड प्लेट, आणि गरज असेल तर गाडीच्या तोंडावरची ग्रिल व वरची आडवी पट्टी काढा.

२. वरचा होज आणि ओव्हरफ्लोची नळी सोडवा. होज चिकटला असेल तर पिळू नका, स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. होज बदलायचाच आहे. लांबीच्या दिशेने चाकूने चीर द्या आणि सोलून काढा. इंजिनच्या बाजूच्या तोंडावर मात्र जपून, त्याला ओरखडा पडला की नवा होज तिथेच पाझरतो.

३. श्राऊड सोडवून इंजिनकडे मागे ढकला. जागा नसेल तर पंखा आधी काढावा लागतो. व्हिस्कस पंख्याचा मोठा नट काही गाड्यांत उलट्या आट्याचा असतो. पुस्तकात पाहिल्याशिवाय जोर लावू नका.

४. ऑटोमॅटिक गिअर असेल, तर गिअर ऑइलच्या नळ्या बहुधा रेडिएटरच्या खालच्या टाकीत येतात. एका पान्याने टाकीवरचा अडॅप्टर धरा, दुसऱ्याने नळीचा नट सोडा. अडॅप्टर न धरता नट फिरवला, तर नळी पिळवटते नाहीतर टाकीचा सांधा उसवतो. उघडी तोंडे लगेच बंद करा.

५. खालचा होज काढा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरला अडकवलेला असेल, तर नळ्या न सोडता सुटा करून दोरीने बांधून ठेवा.

६. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा. मगच माउंटिंगचे बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचला. आत उरलेले पाणी सांडणार, हे धरून चाला.

बाहेर आलेला रेडिएटर इतक्यात टाकू नका. पुढे त्याचे काम आहे.

## ६. धुलाई: जिथे सगळे घाई करतात

रेडिएटरच्या नळ्या बारीक असतात, त्यामुळे इंजिनातून सुटलेला गंज आणि क्षार आधी तिथे अडकतात. म्हणजे न धुतलेल्या इंजिनापुढे बसवलेला नवा रेडिएटर हा त्या इंजिनाचा गाळणा होतो. पहिल्याच काही फेऱ्यांत वरच्या रांगेतल्या नळ्यांच्या तोंडाशी तांबडा चिखल साचतो, आणि मग दोष नव्या मालाला दिला जातो.

थर्मोस्टॅट काढून त्याचे घर (हाउसिंग) परत लावा, म्हणजे पाण्याला अडथळा राहणार नाही. नळीचे पाणी इंजिनाच्या वरच्या तोंडातून सोडा, खालच्या तोंडातून बाहेर येऊ द्या. मग दिशा उलटी करा. उलट दिशेने आलेल्या पाण्यात जास्त घाण दिसेल, कारण गाळ ज्या बाजूने जाऊन बसला तिकडूनच तो सुटतो. ब्लॉकचा प्लग मध्ये मध्ये उघडा. बाहेर येणारे पाणी पांढऱ्या बादलीत धरा आणि तळ स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका.

हीटर वेगळा धुवा. दोन्ही होज काढून बारीक धारेने, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी. पाण्याचा जोर इथे कमी ठेवा. जुना हीटर कोर दाबाने फुटला, तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

रासायनिक क्लीनर वापरायचा असेल, तर तो जुना रेडिएटर जागेवर असतानाच, कूलंट काढण्याआधी वापरून घ्या. नवा बसवल्यावर वापरला, तर सुटलेला सगळा गाळ त्याच्याच नळ्यांत जातो. क्लीनर धातूला चालणारा आहे का ते डब्यावर वाचा. तीव्र आम्ल अॅल्युमिनियमला खाते.

> तपासा: वॉटर पंप आता उघडा पडला आहे. पुलीला हात लावून हलवा. खेळ जाणवला, किंवा पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसला, तर पंप आत्ताच बदला.

शेवटची खळबळ डिस्टिल्ड वॉटरने करा. नळाच्या जड पाण्यातले क्षार आत ठेवून वर महागडे कूलंट ओतण्यात काही हशील नाही.

## ७. नवा आणि जुना शेजारी शेजारी ठेवा

दोन्ही जमिनीवर फडके टाकून उभे करा आणि टेपने मोजा: माउंटिंगच्या भोकांमधले अंतर, इनलेट-आउटलेटची जागा आणि व्यास, श्राऊडचे पॉइंट, ऑइल कूलरचे आटे, ड्रेन कॉक खाली कशाला आडवा येतो का. झाकणाच्या मानेची खोलीही तपासा. झाकण सारखेच दिसले तरी मान खोल असेल, तर रबर आतल्या कड्याला टेकत नाही आणि दाब बसतच नाही.

जुळत नसेल तर परत करा. भोके वाढवून, चौकट वाकवून बसवलेला रेडिएटर कायम ताणाखाली राहतो.

नवा रेडिएटर स्वच्छ पाण्याने आतून खळबळून घ्या. झाळकामाचा फ्लक्स (सांधे जोडताना लावलेले रसायन) आणि धातूचे कण त्यात असू शकतात. कोपऱ्यांवरच्या फोमच्या पट्ट्या जुन्यावरून उतरवून किंवा नव्या घेऊन चिकटवा. त्या नसतील तर हवा जाळीतून जाण्याऐवजी बाजूने निसटते. पट्ट्यांचे मोल लो रेंजमध्ये कळते.

## ८. बसवणे

नवे रबर बुश घाला आणि रेडिएटर वरून सरळ उतरवा. पुठ्ठा अजून जागेवरच असू द्या. खडबडीत वाटेवर चेसिस पिळवटते. रबराविना थेट चौकटीला आवळलेल्या रेडिएटरचे सांधे ती पीळ सहन करत नाहीत. म्हणून बोल्ट रबर जरा दबेल इतकेच आवळा. रबर फुगून बाहेर आले म्हणजे जास्त झाले.

> इशारा: श्राऊडचे स्क्रू मूळ लांबीचेच वापरा. पेटीतला हाताला लागला तो लांब स्क्रू लावला, की त्याचे टोक सरळ नळीत घुसते. नव्याकोऱ्या रेडिएटरला भोक पडण्याचे हे हमखास कारण आहे.

ऑइलच्या नळ्यांचे नट आधी हाताने काही आटे फिरवा, मग पाना लावा. होज चढवताना तोंडाला थोडे कूलंट चोळा. ग्रीस नको, ते रबर फुगवते. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे यायला हवी. उंचवट्यावर बसलेली क्लिप कितीही आवळली तरी गळणारच.

नवा थर्मोस्टॅट स्प्रिंग इंजिनकडे करून बसवा. त्यात छोटी हलती पिन असेल तर ती वर ठेवा. तिच्या छिद्रातून अडकलेली हवा निघते. थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, हा समज सोडून द्या. अनेक इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसला, तर गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहते.

अर्थिंगची पट्टी होती तिथेच, गंज खरवडून लावा. पुठ्ठा काढा आणि पंखा हाताने पूर्ण फिरवून पाहा. पाती जाळीपासून सुमारे २ ते २.५ सेंटीमीटर दूर हवीत आणि श्राऊडला कुठेही घासता कामा नयेत. इंजिन माउंट (इंजिनाचे रबरी आधार) दबलेले असतील, तर मोठ्या उतारावर किंवा पाण्यातून जाताना हेच अंतर नाहीसे होते.

## ९. भरणे आणि हवा काढणे

धुलाईनंतर इंजिनात थोडे पाणी उरलेलेच असते. वर तयार ५०:५० मिश्रण ओतले, तर प्रत्यक्षात कूलंट निम्म्यापेक्षा बरेच कमी पडते. म्हणून गाडीच्या एकूण क्षमतेच्या निम्मे निखळ कूलंट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. १० लिटरची प्रणाली असेल तर आधी ५ लिटर कूलंट. निखळ कूलंटने पूर्ण भरणे ही उलट्या टोकाची चूक आहे. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

गाडीचे तोंड थोडे उंच करा, म्हणजे रेडिएटरचे तोंड सगळ्यात वरचा बिंदू होईल. हीटर गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा आणि त्यातून सलग धार आल्यावर बंद करा. बारीक धारेने ओता, मध्ये मध्ये थांबून वरचा होज हाताने दाबा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, पुन्हा भरा.

इंजिन सुरू करण्याआधी प्रेशर टेस्टर लावा, झाकणाच्या दाबापर्यंत पंप करा आणि पंधरा मिनिटे सोडा. काटा उतरला तर गळती आत्ताच शोधा. थंड इंजिनावर क्लिप आवळणे सोपे असते.

आता बॅटरी जोडा आणि झाकण उघडे ठेवून इंजिन आयडलवर चालवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी झपकन खाली जाते. तिथे भर घाला. बुडबुडे थांबले, हीटरमधून सलग गरम हवा आली, की झाकण लावा. काटा वर जातो आहे पण हीटर थंडच आहे, तर आत हवा अडकली आहे. इंजिन लगेच बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा भरा.

एक्स्पान्शन बाटली नसलेल्या जुन्या गाडीत रेडिएटर काठोकाठ भरू नका. तोंडापासून साधारण ३ सेंटीमीटर खाली ठेवा. गरम झाल्यावर कूलंट फुगते आणि जागा नसेल तर ओव्हरफ्लोतून रस्त्यावर जाते.

> तपासा: आत गेलेले एकूण माप क्षमतेशी ताडून पाहा. एक-दोन लिटर कमी गेले असतील, तर उरलेले पाणी सोडून बाकी जागेत हवा आहे.

## १०. पहिली फेरी आणि नंतरची तपासणी

पहिली फेरी घराजवळ, सपाट रस्त्यावर. परत आल्यावर खाली कोरडा पुठ्ठा ठेवून गाडी रात्रभर उभी करा. सकाळी थंड असताना पातळी पाहा, होजच्या क्लिपा पुन्हा आवळा; नवे रबर पहिल्या तापण्यानंतर थोडे बसते.

मग मुद्दाम त्रास द्या: लो रेंजमध्ये, एसी लावून, लांब चढ सावकाश चढवा. काटा थोडा वर जाऊन स्थिरावला तर ठीक. सतत चढतच राहिला, तर पंख्याचा क्लच आणि श्राऊड पुन्हा पाहा. पुढे विंच, जादा दिवे किंवा नंबरप्लेट हवेच्या वाटेत आली आहे का, हेही तपासा.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर ऑइलची पातळी पाहायला विसरू नका. ऑइल गुलाबी दुधाळ दिसले, तर कूलंट त्यात मिसळले आहे. गाडी तिथेच थांबवा.

अॅल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर मल्टिमीटरची एक तपासणी करून घ्या. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक जाळीला न टेकवता कूलंटमध्ये बुडवा. इंजिन आणि दिवे चालू ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर एखादे अर्थिंग सैल आहे. तो भटका प्रवाह अॅल्युमिनियमला आतून खातो. नंतर जोडलेले दिवे, विंच आणि ऑडिओ यांची अर्थिंग आधी तपासा.

साधारण १०० किलोमीटरनंतर माउंटिंगचे बोल्ट आणि क्लिपा पुन्हा एकदा पाहा. चिखलातून आल्यावर जाळी इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला, की पट्ट्या आडव्या पडतात आणि हवेची वाट बंद होते.